हाकेच्या अंतरावर

नोव्हेंबर संपत आला की दुबईत, करामातल्या आमच्या घरात एका सकाळी एसी बंद असतो. ठरवून कुणी बंद करत नाही. रात्री कधीतरी कुणाला तरी थंडी वाजते, झोपेतच हात रिमोटकडे जातो आणि सकाळी उठल्यावर घर परकं वाटतं. उन्हाळाभर कानात मुरलेली घरघर गेलेली असते आणि तिच्याखाली दबलेले सगळे आवाज वर येतात. खालच्या हॉटेलात तापल्या तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज, शेजारच्या मल्याळी कुटुंबाचा कुकर, जिन्यात कुणीतरी फोनवर गावाकडच्या बायकोला समजावत असतं ते. मी खिडक्या उघडते. धूळ आत येते, येऊ दे म्हणते.

इथला हिवाळा म्हणजे घराबाहेर पडायचा ऋतू. घड्या घालून ठेवलेल्या खुर्च्या, कोळशाच्या पिशव्या, तंबू, शेगड्या सगळं गाड्यांच्या डिक्कीत जातं आणि माणसं वाळूच्या किंवा पाण्याच्या दिशेनं सुटतात. खोर फक्कानला जाणारे डोंगरातून जातात, बाकीचे आमच्यासारखे उत्तरेला, उम्म अल क्वैनच्या खाडीकडे. मलाही हा ऋतू आवडतो. पहिलं धुकं पडेपर्यंत आवडतो.

धुकं पडलं की पहाटे घरातले सगळे मोबाईल एकदम किंचाळतात. गाडी चालवू नका, वेग कमी ठेवा, असा इशारा असतो. मी खिडकीशी जाते. समोरची इमारत नसते. तिच्या गच्चीवरचा दिवा तेवढा हवेत टांगल्यासारखा दिसतो. मग मी सईच्या खोलीचं दार हलकेच ढकलते. सई आता कॉलेजात आहे, माझ्याहून उंच झाली आहे. डोळे न उघडताच पांघरुणातून म्हणते, "मम्मा, आय ॲम हिअर ओन्ली. झोप जा."

मी दार लावून घेते. पण झोपत नाही.

सई पाचवीत होती तेव्हाचा हिवाळा. माझा नवरा प्रसाद अल क्वोजमध्ये एका वर्कशॉपचा सुपरवायझर आहे. तिथे गाड्यांची बॉडी बांधतात, कॅरव्हानही दुरुस्त करतात. त्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी मालकांनी एक कॅरव्हान त्याच्या हवाली केली आणि म्हणाले, फॅमिली घेऊन जा, राहून बघ, पाण्याचा पंप आणि फ्रिज नीट चालतो का सांग. प्रसाद घरी आला तो उड्या मारतच. सईनं तर शाळेत दोन चाकांवरचं घर घेतलंय म्हणून सांगून टाकलं.

वर्कशॉपच्या ट्रकनं ती कॅरव्हान खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावर आणून सोडली. आम्ही मागून आमच्या गाडीनं पोचलो. ती पहिली संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहे. ओहोटी होती. समुद्र इतका मागे गेला होता की तो परत येईल असं वाटेना. किनाऱ्यापासून पुढे नुसती ओली, राखाडी, वळ्या पडलेली वाळू, मध्ये मध्ये पाण्याच्या पट्ट्या, त्यांत उभे असलेले फ्लेमिंगो. डावीकडे तिवरांची काळपट रांग. उजवीकडे थोड्या अंतरावर जुन्या कोळी वस्तीची घरं. समुद्रातल्या दगडांनी बांधलेली, छपरं गेलेली, दारांच्या जागी नुसती भोकं. त्या घरांतून वारा यायचा तेव्हा कुणीतरी लांब बाटलीत फुंकर घालतंय असा आवाज व्हायचा.

"हाँटेड आहे का?" सईनं खूश होऊन विचारलं.

"रिकामी आहेत," प्रसाद म्हणाला. "रिकामं म्हणजे हाँटेड नाही."

आमच्या शेजारी एकच कॅरव्हान होती. मोठी, पांढरी, चाकं वाळूत रुतलेली, बहुधा ऋतूभरासाठीच आणून ठेवलेली. तिच्यासमोर गालिचा अंथरला होता आणि गालिच्यावर एक म्हातारी अमिराती बाई बसली होती. जुन्या पिढीतल्या बायका लावतात तो सोनेरी झाक असलेला मुखवटा तिच्या चेहऱ्यावर होता. कपाळावरून आणि नाकावरून उतरणारा. त्याच्यामागे डोळे तेवढे दिसत. मावळतीचं ऊन त्यावर पडलं की चेहऱ्याच्या जागी नुसती चमक दिसायची. तिची मुलगी नूरा माझ्याच वयाची होती, कुठल्याशा ऑफिसात काम करायची आणि इंग्रजी, हिंदी दोन्ही फटाफट बोलायची. तिनंच आम्हाला बोलावलं. "यल्ला, चाय पियो हमारे साथ. माँ को हिंदी बहुत पसंद है."

म्हातारीचं नाव शम्मा. मी त्यांना माँजी म्हणायला लागले. त्यांचे वडील गलबतानं खजूर घेऊन मुंबईला जात आणि येताना कापड, आंबे आणि हिंदी घेऊन येत. "मेरा बाप बोलता था, बंबई में समुंदर भी हिंदी बोलता है," त्या म्हणाल्या आणि मुखवट्याआड हसल्या. वेलची घातलेला दाट चहा, मधात बुडवलेले गोल गोल तळलेले गोळे. मी कांदेपोहे करून नेले. त्यांनी हातानं खाल्ले, लिंबू आणखी मागून घेतलं.

मग त्यांनी लेकीचं नाव विचारलं.

"सई," मी म्हटलं.

त्यांचा हात बशीवर थांबला. "क्या?"

"सई. हमारी भाषा में मतलब सहेली."

"सई," त्यांनी म्हणून पाहिलं. शब्द अपुरा राहिल्यासारखा त्यांचा ओठ पुढे काही तरी शोधत होता. त्या सईकडे बघत राहिल्या. इतका वेळ की सई माझ्यामागे सरकली. नूरानं घाईघाईनं आणखी चहा ओतला आणि विषय बदलला. तेव्हा मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, ऐकू कमी येत असेल.

प्रसाद कॅरव्हानभर टॉर्च घेऊन हिंडत होता. नळ उघड, बंद कर, फ्रिजला कान लाव. सईला वरचा बिछाना हवा होता, तो तिनं पटकावला. मी झोपताना तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि एवढंसं घर, एवढंसं दार, सगळी माणसं हाताच्या अंतरावर, म्हणून मला फार बरं वाटलं होतं. दुबईच्या फ्लॅटमध्ये लेक दुसऱ्या खोलीत असते. इथे तिचा श्वास ऐकू येत होता.

सकाळी हाकेनं जाग आली.

जाग म्हणजे अर्धीमुर्धी. कुणीतरी "सई…" म्हणत होतं. लांबवलेली, मऊ हाक, शेवटी पाण्यात विरघळल्यासारखी. मला वाटलं प्रसाद तिला उठवतोय. मी कूस बदलली. पुन्हा आली, "सई…" मग प्रसाद माझ्या शेजारीच झोपेत पुटपुटला, "अगं, कशाला उठवतेस तिला? झोपू दे की."

मी डोळे उघडले. "मी कुठे हाक मारली?"

आम्ही दोघंही एका वेळी उठून बसलो. कॅरव्हानचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून धुकं आत आलं होतं. खरोखर आत. जमिनीवर, टेबलाखाली, सईच्या चपलांच्या जागेवर. चपला नव्हत्या. वरचा बिछाना रिकामा होता, पांघरूण एका बाजूला केलेलं.

बाहेर काहीच नव्हतं. अंधार नव्हता, उजाडलं होतं, पण ते उजाडणं पांढरं आणि सगळीकडून सारखंच होतं. माझा स्वतःचा हात लांब केला तर पंजा फिकट व्हायचा. कॅरव्हानवरून पाणी ठिबकत होतं. शेजारची मोठी पांढरी कॅरव्हान नाहीशी झाली होती. समुद्र कुठल्या बाजूला होता तेही कळेना, कारण त्याचा आवाजच येत नव्हता.

"सई!" मी ओरडले.

आणि कुठूनतरी, माझ्या हाकेच्या शेपटाला चिकटून, दुसरी हाक आली. "सई…"

प्रतिध्वनी नव्हता तो. तो आवाज माझा नव्हता.

"कमिंग!" हे मात्र सईचंच. तिचा बारीक, जरासा चिडका आवाज, शाळेची बस आली की ती जिन्यातून द्यायची तसा. फार लांबून आला होता. "कमिंग, कमिंग!"

"सई, इकडे! मम्मा इकडे आहे!"

"सई…" दुसरा आवाज म्हणाला.

"कमिंग!" सई म्हणाली, आणि या खेपेला आणखी लांबून. ती येत नव्हती, जात होती. ज्या कुणाला ती उत्तर देत होती ती मी नव्हते.

मी धावले. प्रसादनं मागून माझा दंड धरला. "अगं, तूही हरवशील! थांब, मी हॉर्न वाजवतो." तो चाचपडत गाडीकडे गेला आणि हॉर्न दाबून धरला. पण हॉर्नही सगळीकडून येत होता. डावीकडून, वरून, समोरून. मी चालतच राहिले. पायांखालची वाळू ओली झाली, मग पायांना गार पाणी लागलं, आणि ते पाणी स्थिर नव्हतं. हळूहळू, घाई न करता, पुढे सरकत होतं. भरती लागली होती.

आजही मी जेव्हा ती सकाळ आठवते तेव्हा सगळ्यात आधी ते पाणी आठवतं. ते किती शांत होतं.

मग मी वळले आणि पांढऱ्यात एक चमक दिसली. चेहऱ्याएवढी, सोनेरी, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर तरंगणारी. मी जागच्या जागी थिजले. चमक पुढे आली, तिच्याखाली काळा झगा उमटला, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या शम्मा दिसल्या. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून त्या हाक मारत होत्या. आता जवळून ऐकल्यावर हाकेचं टोक ऐकू आलं. इतका वेळ धुक्यानं गिळलेलं टोक.

"सई…द!"

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी त्यांचे खांदे धरले. "माँजी, वो मेरी सई है! आप किसको बुला रही हैं? मेरी बेटी जा रही है उधर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुखवट्याखालून पाणी गळत होतं, पण त्या हसत होत्या. "जवाब आया," त्या म्हणाल्या. "सुना तुमने? इतना साल में पहली बार. जवाब आया."

"माँजी, वो मेरी सई है."

मी तेच पुन्हा म्हटलं. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर हळूहळू आले. तिथे काहीतरी विझताना मी पाहिलं. असं विझताना की आजही ते आठवून मला अपराध्यासारखं होतं, जरी मी काहीच चुकीचं बोलले नव्हते. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"उसको बोलो, चलना नहीं. एक जगह खड़ी. और बात करती रहे. चुप नहीं. बोलो!"

"सई!" मी गळा फाटेस्तोवर ओरडले. "जागेवरून हलू नकोस! डोंट मूव्ह! आणि बोलत राहा, काहीही बोल!"

"व्हॉट शुड आय से?" धुक्यातून आलं. आता तिच्या आवाजात रडू होतं.

"काहीही! तुझ्या वर्गातली नावं घे! हजेरीतली सगळी नावं!"

मग आवाज आला. "आरव. आयेशा. बेन्सन. दानिया. फरहान…"

आम्ही दोघी त्या नावांच्या दिशेनं चालत होतो. शम्मांचा हात माझ्या हातात. मागे प्रसादचा हॉर्न, आता तो थोड्या थोड्या वेळानं वाजवत होता. पुढे न दिसणारं एक पोर एकेक नाव घेत होतं, आणि प्रत्येक नावानंतर थांबत होतं, जणू कुणी 'प्रेझेंट' म्हणेल म्हणून. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग अचानक उथळ झालं, मग पुन्हा खोल. एकदा नाव डावीकडून आलं असं मला वाटलं, शम्मांना उजवीकडून. आम्ही थांबलो, पुढच्या नावाची वाट पाहिली. ते आलं नाही.

"सई! पुढचं नाव!"

"संपली नावं, मम्मा." अगदी जवळून.

ती वाळूच्या एका उंचवट्यावर उभी होती. फुलाफुलांच्या पायजम्यात, चपला हातात धरून. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. मी तिला उचललं, इतकी मोठी झालेली मुलगी कडेवर घेतली, आणि हॉर्नच्या दिशेनं आम्ही परत फिरलो. वाटेत शम्मा एकदा पाण्यात पडल्या, पूर्ण भिजल्या, उठल्या.

धुकं सकाळ टळेपर्यंत हललं नाही. मग पडदा ओढावा तसं एका बाजूनं उचललं गेलं. जिथून आम्ही तिला आणलं तिथे आता सपाट निळं पाणी होतं. त्यावर ऊन चमकत होतं, आणि लांब फ्लेमिंगो शांतपणे माना खाली घालून चरत होते. वाळूचा उंचवटा कुठे होता तेही दाखवता आलं नसतं.

सईला मी ब्लँकेटमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. "एकटी का गेलीस बाळा?"

"कुणीतरी बोलावत होतं. मला वाटलं तू फ्लेमिंगो बघायला बोलावतेयस."

"पण त्या माँजी तर किनाऱ्याजवळ होत्या. तू समुद्राकडे का गेलीस?"

तिनं ब्लँकेटमधून हात काढला आणि उघड्या समुद्राकडे बोट केलं. "आवाज तिकडून येत होता. मी कमिंग म्हटलं की परत यायचा. मोअर निअर."

प्रसादनं तिला धुक्यात आवाज कसा फसवतो ते समजावून सांगितलं. हवा ओली असते, दिशा कळत नाही, वगैरे. सगळं बरोबर होतं. मला ते पटलंही. फक्त एक गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली नाही. शम्मा मला दिसायच्या आधी, पाण्यात उतरताना, मीही ती हाक समोरून ऐकली होती. आणि शम्मा भेटल्या त्या माझ्या समोर नव्हत्या. मी वळले तेव्हा त्या दिसल्या होत्या.

दुपारी नूरा आली. माझ्या पायांशी वाळूत बसली. मीच आधी रागानं बोलले. "तुमच्या आईला काय झालंय? माझी मुलगी बुडाली असती."

"मला माहीत आहे," ती हिंदीत म्हणाली. "मी तुम्हाला काल सांगायला हवं होतं. नाव ऐकलं तेव्हाच."

मग तिनं सांगितलं. ती पडकी घरं त्यांचीच. सईद म्हणजे शम्मांचा धाकटा भाऊ. ओहोटीला सगळी पोरं शिंपल्या गोळा करायला जायची. एका धुक्याच्या सकाळी तो पुढे गेला आणि आला नाही. काहीच सापडलं नाही, टोपलीसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांची आई किनाऱ्यावर उभी राहून हाक मारत राहिली. दुसऱ्या धुक्याच्या दिवशीही. वस्ती उठली, सगळे शहरातल्या नव्या घरांत गेले, तरी प्रत्येक हिवाळ्यात धुकं पडलं की ती इथे यायची. मरताना तिनं शम्मांना सांगितलं, आवाज बंद करू नकोस. त्याला जमीन कुठल्या बाजूला आहे ते कसं कळणार?

"म्हणून ही कॅरव्हान," नूरा म्हणाली. "सगळ्यांना वाटतं आम्ही पिकनिक करतो."

"आणि तू? तुला खरं वाटतं?"

"मी चहा करते," ती म्हणाली. "आई परत आली की तिला गरम चहा लागतो."

मी तिला सांगितलं, जोवर आम्ही इथे आहोत तोवर त्यांनी हाक मारू नये. तिनं मान डोलावली. आम्ही तेव्हाच निघणार होतो, पण सईला कणकण आली, ती झोपली. उद्या सकाळी उठल्या उठल्या निघू असं ठरलं.

शम्मा गेल्या त्याला आता काही हिवाळे झाले. नूराचा आणि माझा संबंध तुटला नाही. पहिलं धुकं पडलं की तिचा मेसेज येतो. दोनच शब्द असतात, धुकं पडलंय म्हणून. ती ते कुठून पाठवते, घरातून की किनाऱ्यावरून, मी कधी विचारलेलं नाही. सईला हे सगळं सांगितलं तर ती हसते. "मम्मा, आय वॉज टेन. मला फक्त पाणी थंड होतं एवढंच आठवतं." पण मित्रमैत्रिणी खाडीवर कॅम्पिंगला निघाले की ती काहीतरी कारण काढून डोंगराकडच्या ट्रिपला जाते. आणि कुणी तिला लांबून नावानं हाक मारली तर लगेच ओ देत नाही. आधी वळून बघते.

तेव्हा खाडीवर दुसऱ्या सकाळीही धुकं होतं.

मोबाईल किंचाळले. प्रसादनं बाहेर पाहिलं आणि किल्ली पुन्हा टेबलावर ठेवली. असल्या धुक्यात निघायचं म्हणजे मरायचं. मी दाराला आतून कडी लावली होती. सई माझ्याशेजारी झोपली होती आणि मी रात्रभर तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मी कान देऊन बसले. हाक येईल, आता येईल. आली नाही.

हाक न येणं जास्त वाईट होतं. बाहेर सगळं पांढरं, थबकलेलं, काहीतरी वाट पाहत असल्यासारखं. कॅरव्हानवरून पाणी ठिबकायचं आणि दोन थेंबांच्या मधली शांतता लांबत लांबत जायची. सई जागी झाली आणि तिलाही ते जाणवलं. "आज कुणी का बोलावत नाही?" तिनं विचारलं.

मी तिचा हात घट्ट धरून दार उघडलं. प्रसाद आमच्या मागे आला. कॅरव्हानच्या भिंतीला हात लावत लावत आम्ही शेजारच्या गालिच्यापर्यंत पोचलो. शम्मा पाण्याच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या, दोन शाली पांघरून. नूरा शेजारी चहाचा कप धरून उभी होती.

"मी काल नको म्हटलं म्हणून थांबल्या का?" मी नूराला विचारलं.

नूरानं मान हलवली. "तिला आवाजच उरला नाही. कालच्या पाण्यानं घसा बसलाय. पहाटेपासून प्रयत्न करतेय."

शम्मांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि वारा सुटावा एवढाच आवाज बाहेर आला. त्यांनी नूराची बाही ओढली. नूरानं नजर वळवली. पुन्हा ओढली.

"मला नाही जमणार," नूरा मला इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाली. "मी एकदा हाक मारली, की मग मी पण. कळतंय ना? आयुष्यभर."

शम्मांना तिचं बोलणं कळलं असावं. त्यांनी बाही सोडून दिली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहत राहिल्या, तिथे काहीच नव्हतं तरी. पाणी त्यांच्या पायांशी येऊन मागे जात होतं. मी माझ्या लेकीचं मनगट धरून उभी होते. उबदार, नाडी लागणारं मनगट. काल याच वेळी मी कुठे होते, ते मला ठाऊक होतं. कुणी तेव्हा मला सांगितलं असतं, आता हाका थांबव, तर मी थांबले असते का?

मी सईला प्रसादच्या आणि माझ्या मध्ये उभं केलं. तिचा हात सोडला नाही. पाण्यापर्यंत गेले, मोकळा हात तोंडापाशी धरला आणि हाक मारली. नाव नीट उच्चारलं. शेवटचा द असा ठासून, की तो कुणाच्याही नावात मिसळू नये.

"सईद!"

धुक्यानं ते घेतलं. आम्ही सगळे ऐकत राहिलो. प्रसादसुद्धा, आणि नूरासुद्धा, चहाचा कप तसाच हातात धरून.

बऱ्याच वेळानं, समोरून, फार लांबून काहीतरी आलं. प्रसाद अजून म्हणतो, फ्लेमिंगो. त्यांचा आवाज तसाच असतो, माणसासारखा. असेल. मी तेवढ्यात खाली पाहिलं. सई माझ्याकडे मान वर करून बघत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"मम्मा," ती कुजबुजली, "ती मी नव्हते हं."

शम्मा खुर्चीतून उठल्या होत्या. आवाज नव्हताच त्यांना. त्यांनी हात वर केला आणि समोरच्या पांढऱ्याकडे बघतच मला खूण केली. आणखी मोठ्यानं.

मी छाती भरून श्वास घेतला.